मानेतली सुई

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं, काना-मात्रा इकडचे तिकडे होतात, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीपर्यंत शिकले. पाचवीचा वर्ग पलीकडच्या गावात होता आणि मला तिकडे पाठवायला कुणी तयार नव्हतं. हे मी कुणाला दाखवणार नाही. तरी माफी मागितल्याशिवाय मला काही सुरूच करता येत नाही, मग ते बोलणं असो की लिहिणं.

लिहायची सवय मला खोकल्यामुळे लागली. तोंड उघडलं की ढास लागायची, म्हणून मी घरात चिठ्ठ्या लिहायला लागले. मुलीला लिहायचं, 'भातावर झाकण ठेव.' मिस्टरांना लिहायचं, 'गॅस संपत आला.' सासूला वाचता येत नाही, तिला हातवारे करायचे. सासू म्हणायची, "मुकी सून करायची होती तर हुंडा मागितला असता." आमच्यात हुंडा घेत नाहीत, म्हणून हा तिचा विनोद.

खोकला सुरू झाला तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर. ताप गेला, तोंडाची चव परत आली, खोकला तेवढा राहिला. कफ नाही, ताप नाही. घशाच्या उजव्या बाजूला आत कुणीतरी पीस फिरवावं तसं व्हायचं आणि मग उबळ यायची, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बोललं की यायची, हसलं की यायची, थंड वारा लागला की, फोडणीचा वास आला की. विहारात वंदना संपल्यावर सगळे डोळे मिटून शांत बसतात ना, त्या वेळी हमखास यायची. मग मी मागे चपलांजवळ बसायला लागले, आणि पुढे पुढे जाणंच सोडलं.

मी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवत होते. आमचं गाव म्हसळ्यापासून समुद्राच्या अंगाला, शाळा लहान, पोरं थोडी. काम मला आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नाही. पण खोकणारी बाई पोरांच्या जेवणावर उभी, हे पालकांना चालेना. मी थुंकी तीनदा तपासून घेतली. टीबी नाही असा कागद आणून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. म्हणाले, "ताई, कागद मी वाचला. पण लोक कागद वाचत नाहीत, लोक खोकला ऐकतात." खोकल्याचंच कारण होतं की आणखी काही, ते मी विचारलं नाही. माझ्या जागेवर खालच्या वाडीतली एक बाई आली. मुख्याध्यापक म्हणाले, "जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत बरं झालं तर तुमची जागा तुम्हाला. नाहीतर मला तिचं नाव कायम करावं लागेल."

तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. म्हणजे हातात एक हिवाळा आणि एक उन्हाळा.

त्याआधी माणगावात छातीचा फोटो, स्कॅन, नाकातून नळी घालून घसा बघणं, सगळं करून झालं होतं. त्यासाठी बचत गटातून कर्ज काढलं होतं. आमच्या गटाची एक रीत आहे. जिचं कर्ज असेल तिने बैठकीत स्वतः उभं राहून मोठ्याने सांगायचं, आज किती दिले आणि किती राहिले. निम्म्या बायकांना वाचता येत नाही, त्यामुळे कानाने ऐकलं तेच खरं. मला एरवीच चार बायकांत बोलायचं म्हणजे घाम फुटतो. त्यात खोकला. "आज मी" एवढं म्हटलं की उबळ. मग कुणीतरी पाणी आणायचं, कुणीतरी पाठीवर थोपटायचं, आणि अध्यक्षबाई म्हणायच्या, "बस गं बाई, समजलं." मी बसायचे. पण मला वाटत राहायचं, की मी सांगितलं नाही, तर यांनी मोजलं कशावर?

माणगावच्या सरकारी डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, "फुप्फुसात काही नाही, घशात काही नाही. ही नसेची गडबड दिसते." पनवेलकडच्या एका मोठ्या इस्पितळात अशा खोकल्यावर मानेत इंजेक्शन देऊन बघतायत, अभ्यास चालू आहे, पैसे लागत नाहीत, जाण्यायेण्याचं भाडंही मिळतं, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन मी जावेला सांगितलं. जाऊ माझ्या शेजारीच राहते, आणि माझ्या वाटचं बोलणं तीच करते.

ती म्हणाली, "मानेत? मानेत सुई कोंबडीला पण कुणी देत न्हाय."

तरी तीच माझ्याबरोबर आली. पहाटेची एसटी, माणगावला गाडी बदलायची, मग हायवेची धूळ. मी सगळा रस्ता पदर तोंडावर धरून खोकत गेले. पुढच्या सीटवरचा माणूस उठून मागे जाऊन बसला.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी माझ्या मानेवर, गळ्याच्या घाटीच्या बाजूला उजवीकडे बोट दाबलं आणि मला अशी उबळ आली की टेबलावरची चिठ्ठी उडाली. "हीच जागा," त्या म्हणाल्या. "इथून घशाला जाणारी नस चिडलीय. काही नसताना ती खोकायचा हुकूम सोडते."

मला एकदम रडू आलं. इतकी वर्षं लोक म्हणत होते, मनाचं आहे, सवय आहे, लक्ष वेधायला करते. आणि त्यांनी बोट ठेवून दाखवलं, इथे आहे.

मग तिथल्या एका मुलीने कागद वाचून दाखवला, मराठीतच. निम्म्या लोकांना औषधाचं इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, सलाईनमध्ये असतं तसं. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. आम्हाला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही कळणार नाही. अभ्यास संपला की ज्यांना पाणी मिळालं त्यांनाही हवं असेल तर औषध देणार. नको वाटलं तर कधीही सोडून जाता येईल.

जाऊ म्हणाली, "डॉक्टरला म्हाईत न्हाय आणि डॉक्टर टोचणार? असा डॉक्टर मी बघितला न्हाय."

मुलगी हसून म्हणाली, "मावशी, कळलं असतं तर त्यांना औषधवाल्यांचाच खोकला कमी झाल्यासारखा वाटला असता."

मला ते पटलं. पण मनात एकच आलं. माझ्या वाट्याला पाणी आलं तर जून हातातून जाणार. विचारावंसं वाटलं, अभ्यास संपणार कधी? विचारलं नाही. सही केली.

सुईच्या आधी खोकला मोजायचा होता. त्यांनी एक लहान यंत्र दिलं, कमरेला अडकवायचं, आणि त्याचा बारीक माईक ब्लाउजच्या गळ्याशी लावायचा. एक दिवस आणि एक रात्र काढायचं नाही. मुलगी म्हणाली, "रोजच्यासारखंच राहा."

आता रोजच्यासारखं कसं राहणार? यंत्र घरात आलं आणि मोठा पाहुणा आल्यासारखं झालं. सासूने सकाळीच अंगण झाडून घेतलं आणि ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसली. माझ्या छातीजवळ तोंड आणून म्हणाली, "डॉक्टरबाई, जयभीम. आमची सून चांगली हाय. खोकते, पण कामाला वाईट न्हाय." मिस्टर टेम्पो चालवतात, त्यांनी टेम्पो दूर रस्त्यावर उभा केला आणि चहा मागायलासुद्धा खुणा केल्या. मुलीने अभ्यास मनात वाचला. शेजारची भांडणं त्या दिवशी झाली नाहीत. जावेने मला चुलीजवळ येऊ दिलं नाही, स्वतःच्या घरी रांधून ताट आणून दिलं, वरून म्हणाली, "बोलू नको, बाईला तरास नको."

मलाही वाटत होतं, पलीकडे कुणीतरी कान लावून बसलंय. त्यांना माझा असला घाण आवाज ऐकवायचा कशाला? खडीसाखर गालात धरून मी भिंतीला टेकून बसून राहिले, कोमट पाणी पीत. उबळ आली की उशीत तोंड घालायचे.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही आता या खोलीत जेवढं खोकलात, तेवढं घरी अख्ख्या दिवसात खोकला नाहीत. इतक्या कमी खोकल्यावर मला तुम्हाला अभ्यासात घेता येणार नाही."

सांगायला तोंड उघडलं आणि खोकतच सुटले. जावेने मग सगळं सांगितलं, पांढऱ्या लुगड्यापासून उशीपर्यंत. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसत होत्या. म्हणाल्या, "पलीकडे कुणी बसलेलं नसतं हो. यंत्राला तुमच्या घरातलं काही नकोय, फक्त खोकला पाहिजे. एकदा परत मोजायची परवानगी असते. ही शेवटची."

शेवटची म्हटल्यावर मला घरी येईपर्यंत धास्ती. त्यात सासूने आता उलटंच धरलं. सकाळपासून माझ्यासमोर बसून राहिली. "खोक. बिनधास्त खोक. लाजू नको." आणि गंमत अशी, की मला खोकलाच येईना. खोकायला लागलं की तो खोटा वाटायचा, आणि खोटं मोजायला घालायची मला भीती. दुपार होत आली. मी मनात म्हणत होते, एवढी वर्षं पिच्छा सोडला नाहीस, आजच कुठे गेलास?

शेवटी जावेने चुलीवर सुक्या बोंबलाला लाल मिरचीची फोडणी दिली आणि सासूला म्हणाली, "तुमची कोंबडी परत पलीकडच्यांच्या मळ्यात गेली बघा." सासू लुगडं खोचून बाहेर पडली, आणि पलीकडच्या म्हातारीशी तिची अशी जुंपली की वाडी गोळा झाली. पलीकडची म्हातारी म्हणाली, "तुझ्या कोंबडीला पण तुझ्यासारखीच फिरायची सवय!" मला हसू आवरेना. हसण्यातून ठसका, ठसक्यातून उबळ, आणि ती काही थांबेना. त्या दिवशी मी पोटभर खोकले. एवढ्या आनंदाने कुणी खोकलं नसेल.

मला घेतलं.

सुई द्यायच्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी चौलची एक मावशी होती, नारळ-सुपारीच्या वाडीत काम करणारी. तिचाही तसलाच खोकला. आम्ही आळीपाळीने खोकत होतो, आणि ती म्हणाली, "आपलं भजन चांगलं जमलंय." तिला आधी बोलावलं. मग मला. डॉक्टरबाईंनी मान डावीकडे वळवायला सांगितली, थंड काहीतरी पुसलं, म्हणाल्या, "गिळू नका, हलू नका." मी डोळे मिटून छपरावरची कौलं मोजल्यासारखं मनात काहीतरी मोजत राहिले. खोलवर दाब आला, कानापर्यंत गेला, आणि संपलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी.

आपसात बोलू नका असं आम्हाला सांगितलं होतं. पण मावशी हळूच म्हणाली, "माझा अर्धा घसा मेल्यासारखा झालाय गं. थुंकी गिळवत न्हाय. तुझा?"

मी गिळून बघितलं. सगळं नेहमीसारखं होतं.

मी मान हलवली आणि जावेला शोधायला उठले, खरं तर तिने माझं तोंड बघू नये म्हणून. परतीच्या गाडीत जावेला चिठ्ठी लिहिली, 'मला पाणीच दिलं.' ती वाचून म्हणाली, "कशावरून? एकेकाचा घसा येगळा असतो." पण तिचाही आवाज उतरला होता.

चार दिवस खोकला थोडा कमी वाटला. मग जसाच्या तसा. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. इस्पितळातली मुलगी फोनवर विचारायची, "फरक वाटतो का ताई?" मला 'वाटतो' म्हणायचं होतं. आमच्याकडे कुणी मायेने विचारलं तर 'बरं आहे' म्हणायचं असतं, नाहीतर विचारणाऱ्याला वाईट वाटतं. शिवाय भीती, की नाही म्हटलं तर नाव काढतील. पण यंत्राचा दिवस आठवायचा. चांगलं दिसायला गेले आणि बाहेर पडत होते. मी म्हणायचे, "नाही." एवढंच, आणि फोन लगेच माझ्या मुलीकडे द्यायचे.

त्या दिवसांत शाळेवरून जाताना मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायचे. खिचडीचा वास यायचा. मीठ कमी आहे ते मला वासावरून वाटायचं, पण ते माझं मनच असेल.

मे महिन्यात बोलावणं आलं. अभ्यासातली माझी पाळी संपली होती. आता माझ्या नावाचं बंद पाकीट उघडलं, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हाला पाणी होतं." मला आधीच माहीत होतं. तरी गेलेले महिने डोळ्यांपुढे आले. त्या म्हणाल्या, "औषध घ्यायचं का? सगळ्यांना गुण येतो असं नाही. कुणाला येतो, कुणाला थोडा येतो, कुणाला एकापेक्षा जास्त वेळा घ्यावं लागतं."

मी बोलले. माझ्या लक्षात आहे, कारण मी कधी अशी बोलत नाही. "जूनला शाळा उघडते. द्या."

या वेळी घसा खरंच मेला. उजवी बाजू आहे की नाही कळेना, आवाज घोगरा झाला. दोन तास काही प्यायचं नाही, गिळताना चुकून श्वासनलिकेत जाईल, असं बजावलं होतं. जावेने पाण्याची बाटली स्वतःच्या पिशवीत तळाला ठेवली आणि दोन तास झाल्यावरही देईना. "आणखी थोडी थांब, तुझी नस अजून झोपलीय." मला वाटत होतं, हा घसा असाच राहिला तर? खोकला गेला आणि आवाजही गेला तर? कुणाला तसा फरक पडला नसता म्हणा, पण माझा आवाज होता तो.

घसा संध्याकाळपर्यंत परत आला. खोकलाही आला. मी काही आशा धरली नाही.

किती दिवसांनी ते मला नीट सांगता येत नाही, आठवडा झाला असेल. सकाळी मी चूल पेटवत होते. सासू धावतपळत आत आली, केस मोकळे, आणि माझ्याकडे टक लावून उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"खोकली न्हायस तू उठल्यापासून. मी म्हटलं, गेली का काय!"

आम्ही दोघी गप्प उभ्या राहिलो, कान लावून. माझ्या घशात काही नव्हतं. तरी मी दिवसभर वाट बघत राहिले, कुठल्या कोपऱ्यातून येईल म्हणून. रात्री झोप लागेना, कारण एवढ्या शांततेची सवय नव्हती.

शाळा उघडली. मुख्याध्यापक म्हणाले, "आठ दिवस बघू." खालच्या वाडीतली बाई सामान समजावून द्यायला आली. ती माझ्याकडे बघून हसली नाही. तिलाही पोट आहे. मला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं, आता बोलता येत होतं, तरी सुचलं नाही. तेल कुठल्या डब्यात ते तिने दाखवलं आणि ती गेली. पुढे तिला अंगणवाडीत काम मिळालं असं ऐकलं, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

पहिल्या दिवशी दाराशी दोन-तीन पालक उभे होते. मी फोडणी टाकली. मोहरी तडतडली, मिरची जरा जास्त करपली. धूर वर आला आणि मला ठसका लागला. एकच. मग मागून मुख्याध्यापक खोकले, दारातले पालक खोकले, पोरं तर नाक धरून ओरडायला लागली. मी थांबले, पुढची उबळ येते का बघत. ती आली नाही. मी डाळ ओतली.

पावसाच्या दमट दिवसांत पीस पुन्हा फिरायला लागलं. मी परत जाऊन एक सुई घेतली. आणखी लागेल का, माहीत नाही. सगळ्यांचा मिळून हिशोब अजून व्हायचा आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. चौलची मावशी तिथे भेटली. तिला पहिल्याच वेळेला औषध मिळालं होतं, पण गुण अर्धाच आला. ती म्हणाली, "अर्धा तर अर्धा. भजन करायला तू न्हाय, तर मी एकटी किती खोकणार?" अजूनही रोज सकाळी उठल्यावर मी आधी गिळून बघते, मग डोळे उघडते.

शाळेचं मानधन आमच्याकडे महिन्याच्या महिन्याला येत नाही. ते दिवाळीच्या तोंडावर एकदम आलं. मी घरच्या कुणाला काही घेतलं नाही. सगळं रुमालात बांधून गटाच्या बैठकीला गेले.

माझी पाळी आली. अध्यक्षबाईंनी सवयीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. माझ्या शेजारच्या बाईने पाठीवर थोपटायला हात तयार ठेवला होता. मी उभी राहिले. घाम फुटलाच, तो खोकल्याचा नव्हता, माझा होता.

"आज मी राहिलेले सगळे दिले," मी म्हणाले. "आता माझ्याकडे काही राहिलं नाही."

सगळ्या थांबल्या होत्या, उबळ यायची म्हणून. मीही थांबले. मागच्या भिंतीपाशी बसलेली म्हातारी कानामागे हात धरून म्हणाली, "काय म्हणाली? ऐकू न्हाय आलं."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "परत सांग गं, मोठ्याने."

मी परत सांगितलं. पैसे त्यांच्या हातात दिले, त्यांनी सगळ्यांसमोर मोजले, पुरे भरले. मी खाली बसले.